आधी तुळस, मग ताट

मैत्रिणींनो, काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या रिहे गावात झाडं लावायचा मोठा कार्यक्रम झाला. टेम्पो भरून रोपं आली. खड्डे खणले, नारळ फोडला, फोटो निघाले, चहा झाला. मुळशीचा पाऊस म्हणजे काही विचारूच नका, त्यामुळं दिवाळीपर्यंत रोपं छान तरारली. मग पाऊस गेला. पाणी कुणी घालायचं हे ठरलंच नव्हतं. होळीच्या सुमाराला पाहिलं तर नुसत्या काड्या उभ्या. त्यातली बरीचशी रोपं गुलमोहर, निलगिरी अशी बाहेरदेशची होती, हे खरं. पण दोष रोपांचा नव्हता. फोटोत मीही होते आणि पाणी घालायला मीही गेले नव्हते.

पुढं बचत गटाच्या बैठकीत पुन्हा झाडांचा विषय निघाला, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी आम्हाला सरळच विचारलं, की बायांनो, दारातल्या तुळशीला पाणी घालायला कधी विसरता का? मग झाडाला कशा विसरलात? आम्ही सगळ्या गप्प. आणि मला एकदम विनोबा भावे आठवले. म्हणाल, तुळशीचा आणि विनोबांचा काय संबंध? आहे. विनोबांची सगळी गोष्टच तुळशीच्या पाण्यापासून सुरू होते.

विनोबा म्हटलं की आपल्याला भूदान आठवतं. शाळेत असताना त्यावर पाच मार्कांचा प्रश्न यायचा, म्हणून पाठ केलेलं. दाढीवाले, डोक्याला हिरवी टोपी, पायी चालणारे म्हातारे बाबा, एवढंच चित्र डोळ्यांपुढं येतं. पण अंगण, परसबाग, स्वयंपाकघर आणि शेणखत या आपल्या रोजच्या गोष्टींत या माणसानं किती जीव घातला होता, हे आपल्याला फारसं कुणी सांगितलेलं नाही. म्हणून आज तेच सांगते.

गागोद्याचं अंगण

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. आमच्या मुळशीतून ताम्हिणी घाट उतरला की लागतो तोच हा जिल्हा. डोंगर तेच, भातखाचरं तीच, आणि घरोघरी अंगणात तुळसही तीच. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्याला असत. त्यामुळं विनायकाची पहिली काही वर्षं आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या हाताखाली गेली.

या आईचा एक साधा नियम होता. जेवायला बसायच्या आधी ती मुलाला विचारायची, की तुळशीला पाणी घातलं का. नसेल घातलं तर आधी ते, मग ताट. भूक लागलेल्या पोराला हे किती जड जात असेल! पण त्यातून एक गोष्ट मुरली. आपल्याआधी दुसऱ्या कुणाचं तरी पोट भरायचं असतं, मग तो दुसरा एक रोपटं का असेना. घरच्या फणसाचंही तसंच. फणस पिकला की पहिले गरे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं जायचे, नंतर घरात. आणि ते पोचवायला मुलांनाच पाठवायचे.

रुक्मिणीबाईंची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. शेजारची बाई गावाला गेली की तिच्या नवऱ्याचा स्वयंपाक या करून देत. पण आधी स्वतःच्या घरचा आणि मग शेजारचा. विनायकानं एकदा आईला छेडलं, की हा तर स्वार्थ झाला, आधी आपलं आणि मग दुसऱ्याचं! आईनं समजावलं, की आधी त्यांचा करून ठेवला तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत गार होईल, त्यांना गरम मिळावं म्हणून नंतर करते. बघा, शाळेत न शिकलेल्या बाईचा हा हिशेब.

एकदा त्यांनी देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम धरला होता. एकेक दाणा मोजून वाहायचा. वडील शास्त्रीय डोक्याचे. ते म्हणाले, तोळाभर तांदूळ मोजून घे आणि त्यावरून लाखाचं वजन काढ, म्हणजे वेळ वाचेल. विनायक मात्र आईच्या बाजूनं उभा राहिला. दाणा मोजणं हा हिशेब नाही, एकेका दाण्यागणिक देवाची आठवण आहे, असं त्याला वाटलं. मला या गोष्टीत आणखी एक दिसतं. ज्या घरात तांदळाचा दाणा असा बोटानं उचलला जातो, त्या घरात अन्न वाया कसं जाईल?

सर्टिफिकिटं चुलीत आणि हातात सुरी

पुढं कुटुंब बडोद्याला गेलं. विनायक हुशार, गणितात तर फारच. पण डोक्यात वेगळंच चाललेलं. एक दिवस आईच्या चुलीपाशी बसून त्यानं आपली सर्टिफिकिटं आगीत टाकली. आई म्हणाली असेल ना, अरे, राहू दे, पुढं लागतील. पण त्याला ती लागणार नव्हती. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसलेला हा मुलगा सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला.

काशीत त्याला गांधीजींच्या भाषणाविषयी समजलं. पत्रं लिहिली, उत्तरं आली, आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात जाऊन पोचला. तेव्हा गांधीजी काय करत होते माहीत आहे? भाजी चिरत होते! एवढा मोठा पुढारी जमिनीवर बसून भाजी चिरतोय, हे विनोबांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. आणि गांधीजींनी या वीस वर्षांच्या पोराच्या हातात काय दिलं, तर आणखी एक सुरी. म्हणजे पहिली दीक्षा भाजी चिरायची. आपण रोज करतो त्या कामाला तिथं देशसेवेच्या ओळीत बसवलेलं होतं.

१९१८ च्या ऑक्टोबरात, इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली होती त्या साली, रुक्मिणीबाई गेल्या. त्यांची एक इच्छा राहून गेली होती. गीता संस्कृतात, ती त्यांना कळेना, आणि मराठीत मिळालेली भाषांतरंही अवघड वाटत. तूच का करत नाहीस सोपी, असं त्यांनी मुलाला सुचवलं होतं. त्या इच्छेतूनच विनोबांनी १९३०-३१ मध्ये गीताई लिहिली. पुस्तकाच्या नावातच आई आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत.

पवनारची कुदळ

१९२१ मध्ये गांधीजींनी विनोबांना वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी दिली. सूत कातणं, दळण, स्वयंपाक, संडाससफाई, सगळी कामं स्वतः करायची. शरीराला इतकं पिळलं की १९३८ पर्यंत तब्येत पार खालावली. वजन अवघं ८८ पौंड, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास. गांधीजी म्हणाले, थंड हवेच्या ठिकाणी जा. विनोबा गेले वर्ध्यापासून थोड्याच अंतरावर, धाम नदीकाठच्या पवनारला.

आणि औषध काय घेतलं? कुदळ. सुरुवातीला रोज अगदी पाच मिनिटं खणायचं. दमलं की थांबायचं. मग हळूहळू वेळ वाढवायचा. असं करत करत ते तासन् तास खणू लागले, आणि काही महिन्यांत वजनही चांगलं वाढलं. खणता खणता जमिनीतून जुनी शिल्पं वर आली. त्यात राम आणि भरत यांच्या भेटीचं एक शिल्प निघालं. ते त्यांनी आश्रमातच ठेवलं.

मैत्रिणींनो, आपल्याकडं आज डॉक्टर सांगतात म्हणून सकाळी रस्त्यावर फेऱ्या मारणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्याला माझी ना नाही. पण दारात दोन वाफे असतील तर पाच मिनिटांच्या खुरप्यापासून सुरुवात करून बघा. माझी कंबर या वयात खुरप्यानंच सरळ ठेवली आहे.

सुरगावची वाट

१९४६ च्या सुमाराला विनोबांनी एक काम घेतलं, ज्याविषयी बोलायला आजही लोकांना अवघड वाटतं. पवनारहून काही मैलांवर सुरगाव नावाचं खेडं आहे. तिथं उघड्यावर घाण. विनोबा खांद्यावर फावडं टाकून रोज पायी तिथं जायचे, मैला गोळा करायचे आणि मातीआड करायचे. ऊन असो, पाऊस असो. दीड वर्षाहून अधिक काळ हे चाललं. एकदा वाटेतल्या ओढ्याला पूर आला, पलीकडं जाता येईना. तेव्हा त्यांनी पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितलं, की देवळात जाऊन देवाला कळव, गावचा सफाईवाला आला होता, पण पुरामुळं परत गेला. देवाकडं हजेरी लावून ते माघारी फिरले.

यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, जे काम समाजानं जन्मावरून काही लोकांच्या माथी मारलं होतं, ते ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसानं आपलं म्हणून करायचं. आणि दुसरी, मातीतून आलेलं मातीला परत द्यायचं. नीट मातीआड कुजवलं तर घाणीचं खत होतं, उघड्यावर टाकलं तर रोगराई होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनीही सोनखताचा असाच ध्यास घेतला होता. आज आपण ओला कचरा, सुका कचरा म्हणून घंटागाडीची वाट बघतो, तेव्हा मला ही सुरगावची वाट आठवते. भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा हा कचरा नाहीच मुळी. ते उद्याचं खत आहे.

बाजाराशिवाय स्वयंपाकघर

स्वातंत्र्य मिळालं, गांधीजी गेले. १९५० च्या सुमाराला विनोबांनी पवनारला एक प्रयोग मांडला. नाव ठेवलं कांचनमुक्ती. म्हणजे पैशावाचून जगून बघायचं. भाजी विकत आणायची नाही, ती आश्रमातच पिकवायची. कापड आपण कातायचं. शेतीही बैलांशिवाय, नुसत्या हातांनी करायची. तिला ते ऋषिशेती म्हणत. पाण्यासाठी विहीर खणली. रहाट ओढायला बैल नाहीत, मग माणसंच दांड्याला धरून गोल फिरायची, आणि तोंडानं गीताई चालू. पाणी वर यायचं, पाठांतर व्हायचं आणि व्यायामही.

आपण म्हणू, हे सगळं आश्रमात ठीक आहे, संसारात कसं जमायचं? खरं आहे. पोरांच्या फीला भाजी चालत नाही. विनोबांचं सगळंच्या सगळं आपल्याला उचलता येणार नाही, आणि मी तसं सांगतही नाही. पण निदान आठवड्यातल्या दोन दिवसांची भाजी परसातून यावी, एवढं तर आपल्या सासूबाईंच्या काळी होतंच की. मांडवावर घोसाळी, दोडकी, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला वालपापडी, दारात शेवगा आणि कढीपत्ता. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी हे तर कुणी न लावताच यायचं. ते खुडायला कुणाला पैसे द्यावे लागत नव्हते.

जमीन कुणाची?

८ मार्च १९५१ रोजी विनोबा पवनारहून पायी निघाले, हैदराबादजवळ शिवरामपल्लीच्या संमेलनाला. पुढं तेलंगणातल्या गावांतून फिरताना १८ एप्रिलला ते पोचमपल्लीला आले. तिथल्या चाळीस दलित कुटुंबांनी सांगितलं, की आम्हाला कसायला ऐंशी एकर जमीन मिळाली तर आम्ही पोट भरू. विनोबांनी सभेतच गावाला विचारलं, आणि रामचंद्र रेड्डी नावाचे एक जमीनदार उठून म्हणाले, मी शंभर एकर देतो. तिथून भूदान सुरू झालं. त्यानंतर १९६४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षं, विनोबा चालतच राहिले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाली. १९५८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यातली बरीच जमीन खडकाळ, पडीक निघाली. काही कोर्टकज्ज्यात अडकली. काही कागदावरच राहिली, वाटलीच गेली नाही. आणीबाणीच्या काळात विनोबांनी जी भूमिका घेतली, तिच्यावरही मोठी टीका झाली आणि आजही होते. मोठी माणसंही चुकतात, आणि त्यांचं कामही अर्धवट राहतं.

पण जमीन ही विकायची वस्तू नाही, ती हवापाण्यासारखी सगळ्यांची आहे, हे त्यांचं म्हणणं मला रिह्यात राहून रोज टोचतं. आमच्यापासून हिंजवडी लांब नाही. आयटी पार्क आलं, तसे जमिनीला भाव आले. भाताच्या खाचरांना तारा पडल्या, त्यांचे प्लॉट झाले, प्लॉटवर बंगले झाले, आणि बंगल्यापुढं लॉन आलं. आमच्या ओळखीतली एक जण स्वतःच्याच विकलेल्या रानात आता दुसऱ्याच्या लॉनला पाणी घालायला जाते. जिथं तिची सासू आंबेमोहोर लावायची, तिथं ती परदेशी गवत जगवते. आलेल्या पैशातून काय झालं? एक गाडी, एक लग्न आणि थोडं कर्ज फिटलं. मी तिला दोष देत नाही. विकायच्या वेळी तिला कुणी विचारलंही नव्हतं. सही मात्र घेतली होती.

बायकांचं पवनार

२५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. ते मुख्यतः स्त्रियांसाठी. संसार न थाटता अध्यात्माच्या वाटेनं जाऊ इच्छिणाऱ्या बायकांना तेव्हा जागा कुठं होती? इथं बहिणी एकत्र राहू लागल्या. शेती, स्वयंपाक, सफाई, छापखाना अशी सगळी कामं त्या स्वतःच वाटून घेत. आणि निर्णय कसा घ्यायचा, तर सगळ्यांच्या संमतीनं. हात वर करून बहुमत मोजायचं नाही. एकीचंही मन वळलं नसेल तर थांबायचं. आपल्या किती घरांत, किती संस्थांत असं होतं, सांगा बरं!

१९८२ च्या नोव्हेंबरात विनोबा आजारी पडले. आपलं काम संपलं असं मानून त्यांनी अन्न, पाणी, औषध सगळं सोडलं, आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पवनारलाच शांतपणे गेले. ८७ वर्षांचं आयुष्य. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. मालमत्ता म्हणावी असं मागं काही नव्हतं.

आमचं गणित

त्या बैठकीत मी बायकांना हे सगळं थोडक्यात सांगितलं. मग आम्हीही पवनारसारखंच ठरवलं, की सगळ्यांना पटेल तेवढंच करायचं. शंभर झाडं नकोत. एका बाईचं एक झाड. आणि ते आपल्याच मातीतलं, म्हणजे जांभूळ, करंज, उंबर, बहावा, आंबा. रोपं विकत आणली नाहीत. जांभळाची बी खाल्ल्या खाल्ल्या ताजीच पिशवीत लावली, कारण ती वाळली की रुजत नाही. आंब्याच्या कोयीही तशाच. पुढच्या पावसाळ्यात लावलेल्या रोपाशेजारी एकेक जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. चार-पाच दिवसांनी ते भरायचं, पाणी आपोआप मुळाशी झिरपतं. बुडाशी भाताचा पेंढा पसरला, म्हणजे ओल टिकते आणि तणही कमी येतं. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यात काम भागलं.

सगळी जगली का? नाही. दोन गुरांनी खाल्ली, एक वणव्यात गेलं. माझं जांभूळ जगलं. सध्या माझ्या खांद्याच्या वर गेलंय. रस्ता रुंद करताना ते राहील की जाईल, ठाऊक नाही. पण त्यासाठी भांडायला आता आम्ही एकट्यादुकट्या नाही. ज्या बाईनं तीन उन्हाळे हंडा वाहिलाय, ती सही करण्याआधी प्रश्न विचारते, एवढा फरक तिच्यात मी डोळ्यांनी पाहिला आहे.

संध्याकाळी तिथं मडकं भरायला जाते तेव्हा मला त्या न पाहिलेल्या रुक्मिणीबाई आठवतात. ना त्यांनी भाषण केलं, ना पुस्तक लिहिलं. फक्त ताट वाढायच्या आधी मुलाला एक प्रश्न विचारला, रोज. मैत्रिणींनो, आज रात्री पानं घेताना तुमच्याही मुलांना तो विचारून बघा. मुलींना आपण विचारतोच. मुलांनाही विचारा.